पायलट जावयाचं धोंड्याचं जेवण

जावई पायलट मिळाले म्हणून तुम्ही माझा हेवा करता ना? मग हे ऐकाच. त्या वर्षी अधिक मास होता, म्हणून लेक-जावयांना खांदेश्वरला आमच्याकडे धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. श्रीमंतांना विमान भाड्याने देणाऱ्या कंपनीत जावई नोकरीला. दोन रात्री सलग विमान चालवून आलेले. हातात अनारसा, आणि पाटावर बसल्या बसल्याच गाढ झोपले!

तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर कंपनीच्या मॅनेजरचा फोन. मीच उचलला. "काकू, कॅप्टनना लगेच पाठवा. शेठना गोव्याला जायचंय."

"अहो, दोन रात्री डोळ्याला डोळा लागलेला नाही त्यांच्या."

"आमचे सगळेच पायलट तसे असतात, काकू."

लेकीचा चेहरा पांढराफटक. तिच्या कुंकवाचा प्रश्न! मनात म्हटलं, देवा, क्षमा कर. आणि ठोकून दिलं, "आज त्यांनी दारू घेतलीय." व्रताच्या महिन्यात, माझ्या तोंडून! वाटलं, आता तरी सोडतील.

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मग लिंबू सरबत पाजा. टॅक्सी पाठवतोय."

"कोणी येणार नाही," म्हणून फोन ठेवला. जावयांना उठवलंच नाही.

संध्याकाळी देवापुढे एक दिवा जास्तीचा लावला, त्या शेठसाठी. बिचाऱ्याचं विमान कोण चालवत होतं, कोण जाणे!