बैल चढंल अशी फरशी

दोन हजार चोवीसचं साल, मला चौऱ्याहत्तर सरून पंच्याहत्तरावं लागलं हुतं, आन् तवा माझ्या पोरानं, विलासनं, मला शिकवायला घेतलं की अंगण कसं असावं. मला. सोनारीच्या शिवंला माझा जन्म, शाळा दुसरी, तीबी मास्तर रोज यायचे न्हाईत म्हणून अर्धीच, पर जे अंगण हा मोबाईलवर मोजत हुता ते म्या आन् माझ्या बायकोनं, रखमानं, मुरूम टाकून चोपून चोपून केलेलं. पंचेचाळीस वर्सं तिनं ते सारवलं. आता तिचे गुडघे वाकत न्हाईत, सूनबाईला शेणाचा वास सोसत न्हाय, म्हणून फरशी घालायची ठरली. तिथवर माझं काय म्हणणं न्हवतं.

विलास बार्शीला मोबाईलच्या दुकानात कामाला हाय, त्यामुळं त्याला सगळं कळतं. म्हणला, आबा, सत्तर हजाराचं बजेट धरलंय, चकचकीत टाईल टाकू, लूक येईल. लूक. काय सांगू तुम्हाला, आमच्या शेजारच्या ज्ञानोबानं तसला लूक आणलाय. सकाळी अंगण धुतलं की ज्ञानोबा स्वताच्या दारात भिंत धरून चालतो, नवीन चालायला लागलेल्या लेकरावाणी. वर गेटाला साखळी, कुत्रं येऊ नाय म्हणून. आन् गेल्या पोळ्याला त्यानं काय केलं, तर बैल रस्त्यावरच उभा केला, टाईलीला चरे पडतील म्हणून. आमच्यात पोळ्याला बैल मिरवून आणला की थेट उंबऱ्यापाशी येतो, घरची बाई त्याचे पाय धुती, ओवाळती, पुरणपोळी चारती. वर्साचा एक दिवस त्याचा. त्यालाबी रस्त्यावर उरकायचं, मंग माणसानं अंगण करावं कशाला, चार भिंतीतच बसावं.

म्हणून म्या विलासला सांगितलं, माझी एकच अट. हौशा उंबऱ्यापर्यंत आला पायजे. हौशा माझा बैल. जोडीतला दुसरा गेला, हा ऱ्हायला. विलास हसला. म्हणला, एका बैलासाठी वर्सातनं एकदा, आन् आमी रोज राहायचं त्याचं काय. म्या म्हणलं, तू कुठं रोज ऱ्हातूस, तू रविवारी येतूस.

परंड्याला गेलो दोघं. खिशात हौशाची झिजलेली नाल घेतली हुती. दुकानदारानं वह्या काढल्या, फोटो दावले. म्या फोटूवर पाय ठिवून बगू का, म्हणून इचारलं. मंग त्यानं माल दावला. म्या एकेक नग खाली ठिवायला लावला, वर तांब्याभर पाणी वतलं, आन् नाल घासली. दुकानदार वरडला, आजोबा, घासू नका, चरे पडत्यात. म्या म्हणलं, मंग माझा बैल काय चपला काढून येणार हाय? दुकानातली समदी हसली, विलास तेवढा भाईर जाऊन फोनवर बोलाया लागला.

सिमिटाचे गट्टू बगितले. ते रंगीत हुते, लाल-पिवळे, लगीनघरातल्या मिठाईवाणी. चार पावसाळ्यात खचत्यात आन् फटीत हराळी उगवती, ती कोण उपटणार, सूनबाई? सिमिटाचा कोबा स्वस्त, पर आमच्या उन्हात फुटतो. शेवटाला कोपऱ्यात उभी केलेली शहाबादी दिसली. पॉलिशची न्हाय, खरबडीत. नाल घासली, घसरली न्हाय. हीच, म्हणलं. दुकानदार म्हणला, ही हल्ली कुणी घेत न्हाय. म्हणलं, म्हणूनच घेतो. तीस बाय बावीस फुटांचं अंगण, माल, भाडं, मजुरी धरून पंचेचाळीस हजारात बसलं, आन् ते माझे, तूर इकून आलेले हुते, विलासचे सत्तर त्याच्याकडंच ऱ्हाऊ दिले. लूक करायला.

मिस्त्री रसूलभाई. त्या माणसाला नाव ठेवायला मला जागा घावली न्हाय, आन् म्या लई शोधली. पाणी दाराकडून गेटाकडं जाईल असा ढाळ दिला, सांधे भरले. ओल्या कामावर पाय नको म्हणून हौशाला इतके दिवस रानातल्या कोठ्यातच ठिवला. गावात सांगत फिरलो, पोळ्याला या म्हणलं, बैल चढंल अशी फरशी बगायला.

आले की. पोळ्याला हौशाला धुतला, शिंगं रंगवली, झूल घातली, वाजवत आणला. गेटापाशी आला आन् थांबला. खाली मुंडी घालून फरशीला नाक लावलं, फुस्स केलं आन् मागं सरला. कासरा ओढला, पाठीवर थाप मारली, हौशा म्हणलं, राजा म्हणलं. चारी पाय रोवले त्यानं. समद्या फरशा तपासल्या म्या, नालीनं घासल्या, पाणी वतलं, पर ज्याच्यासाठी केलं त्याला एकदा आणून दावायचं डोक्यात आलं न्हाय. ज्ञानोबा साखळीआडून मला म्हणला, आबा, टाईल टाकायला पायजे हुती, त्याला आपलं तोंड तरी दिसलं असतं.

रखमा ताट घेऊन, एकेक पाय टाकत, गेटापर्यंत आली आन् रस्त्यावरच ओवाळलं. ज्ञानोबाच्या बैलाच्या शेजारी. पोळी चारली. माझ्याकडं बगितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशाला गेटात आणला आन् कासरा सोडला. पयल्या फरशीवर मांडी घालून बसलो, मांडीवर वैरण घेतली. ज्ञानोबा बगत हुता, विलास तोंडात बरश घालून बगत हुता, बगू द्या. हौशानं मान लांबवली, पोचंना. म्या हाताएवढा मागं सरलो. त्यानं एक पाय उचलला, फरशीवर ठिवला, काढला, परत ठिवला. उंबऱ्यातनं रखमा म्हणली, अहो, चहा तिथंच आणू का? म्हणलं, आण, आन् वैरणबी आण, म्या काय उठत न्हाय. आन् आणिक हाताएवढा मागं सरलो.