सहा बाय तीनचं तळं

…नाही, पण तुमीच सांगा, नव्याकोऱ्या डब्याले कोणी गंज लावते का? आमचा हेमराज लावते! बिजलीच्या हापिसात नोकरी, कानामागचे केस पिकले, अन् हा माणूस रविवारी सकाळी मांडी घालून बसते, आगपेटीहून जरासा मोठा मालगाडीचा डबा घेते, चमचम करणारा, बाहेरदेशातून मागवलेला, अन् त्याले बारक्या ब्रशानं तपकिरी रंग फासते. अन् मले विचारते, "बाबा, जुना दिसते ना?" मी म्हटलं, बापा, जुनंच पायजे होतं तं मले ठेव ना रुळावर, मी आयता गंजलेला आहो! तं म्हणते, "तसं नाही बाबा. असली दिसलं पायजे!"

असली दिसलं पायजे. आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ हेच.

तुमाले सांगतो, मी सानगडीकडचा ढिवर. सारी जिंदगी कमरेएवढ्या पाण्यात गेली, जाळं टाका, जाळं ओढा. गुडघे गेले तवा पोरानं तुमसरले आणलं, मागच्या खोलीत खिडकीखाली खाट टाकून देली. मी, माही खाट अन् एक ट्रंक. मजेत होतो. मंग एक दिवस कोपऱ्यात एक पाटी आली, पाटीवर रूळ आले, रुळावर गाडी आली. "बाबा, कोपऱ्यातच राहीन," म्हणे. रेल्वे कधी कोपऱ्यात राहिली का, सांगा! हप्त्याभरात फाटक आलं, महिन्याभरात स्टेशन आलं, अन् स्टेशनाच्या मागून भूषण आला. भूषण म्हणजे याचा दोस्त, साड्याचं दुकान आहे त्याचं, पण गिऱ्हाईक दुकानात अन् मालक आमच्या खोलीत.

अन् दोघं मिळून काय काय करून राहिले, बाप्पा! थर्माकोल कोरून पहाड केला, त्याच्यावर प्लास्टर. भुसा हिरवा रंगवला, झालं गवत. तार पिळून झाडं केली. अन् माती कायची? चहाची! चहाचा चोथा वाळवून, चाळून, गोंदावर भुरभुरायचा. मंग काय, दिवसातून सहा वेळा चहा! मंजुषा, माही सून, कप घेऊन उभीच. "घ्या मामाजी, अजून अर्धा कप घ्या, या दोघायचं अर्धं वावर बाकी आहे!" रात्री मले झोप नाही, पण वावर पुरं झालं. मी म्हटलं, अरे, खिडकीबाहेर माती पडली आहे, घ्या ना मूठभर! तं भूषण हसते. "काकाजी, खरी माती खोटी दिसते. असली दिसलं पायजे ना!"

आता हे आइकून माणसानं चूप राहावं का नाही? मी राहिलो. दोन वर्षं चूप राहिलो! पण मंग यायनं तळं केलं.

झालं असं, नागपूरचे शौकीन लोक दोन महिन्यानं येणार होते, या दोघायची गाडी पाहून प्रदर्शनात घ्याची का नाही ते ठरवणार होते. म्हणून घाईघाईनं तळं. बशीएवढं, गोल, निळंशार. मी खाटेवरून पाहिलं अन् तोंडातून निघून गेलं, "हे काय होय?"

"तळं होय, बाबा."

"पाळ कुठं आहे? अन् तुडूम? पाणी सोडाचं दारच नाही, वावरात पाणी जाईन कसं?"

"काकाजी, पाणी नाही ते, वार्निश आहे!"

"असो ना वार्निश! भरलं तं जाईन कुठं?"

हेमराजनं फूटपट्टी काढली. पाळ एवढी, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बारकी वावरं, एवढी, मोजत मोजत फूटपट्टी आली अन् माह्या खाटेच्या पायाले टेकली. मंजुषा दारातून म्हणते, "अन् मामाजीची खाट?"

तं मीच म्हटलं, "ओसरीत टाका." मीच! कोणी विचारलं होतं का मले?

खाटेच्या सहा बाय तीन फुटाच्या जागी तळं, अन् मंग दीड महिना मी अन् वार्निश. पातळ थर द्याचा, दोन दिवस वाळू द्याचा, मंग दुसरा. तळाले गाळाचा रंग, काठाकडे गढूळ, कडेले शिंगाड्याची पानं, कागद कापून. एक खुंट ठेवला, आमच्या तळ्यात होता तसा, दरवर्षी जाळं फाडे साला. पाचव्या थराले पाणी खोल दिसाले लागलं अन् तुमाले खोटं नाही सांगत, पायाले गाळ लागल्यावाणी झालं.

आले नागपूरचे साहेब. पहाड पाहिला, वा! गंजका डबा पाहिला, वा वा! तळ्यापाशी आले अन् चष्मा काढला. "बाकी उत्तम आहे हो. पण पाणी असं मातकट नसतं. निळं करा. असली दिसलं पाहिजे!"

हे साहेब पाणी पेत असतीन बाटलीतून, अन् मी पन्नास वर्षं त्याच्यात उभा!

भूषण म्हणे, "काकाजी, एकच हात निळा मारतो." हेमराजनं माह्याकडे पाहिलं अन् म्हणते, "नाही. तळं जात नाही. बाकीचं पाठवू." तळ्याविना गाडी नागपूरले गेली. भूषण चार दिवस आमच्याकडे चहाले आला नाही.

अन् आता थंडी पडली. ओसरीत वारा असा येते की गोधडी मले पांघरते का मी गोधडीले, समजत नाही. काल हेमराज म्हणे, "बाबा, ते तळं वेगळं निघते. माळ्यावर टाकतो, तुमची खाट आत घेतो." मंजुषानं खाटेचं एक टोक उचललंही.

मी खोलीत जाऊन पाहिलं. खिडकीतून ऊन पडलं होतं पाण्यावर.

म्हटलं, ठेव बाई ते टोक खाली. भरल्या तळ्यात कोणी खाट टाकते का?