येऊ द्या

नाही, चालवायला नका शिकवू बाई — अडतीस वर्षं ट्रक चालवलाय, तुमचा जन्मही नसेल झाला तेव्हापासून — मला फक्त मागे घ्यायला शिकवा. हसताय काय? हसा. ट्रक मी आरशात बघून कधी मागे घेतलाच नाही. कशाला घेऊ? क्लीनर मागे उभा असायचा, पत्र्यावर थाप मारायचा — एक थाप, ये. दोन थापा, थांब. माझं सगळं कानावर. ट्रक सुटला, ही छोटी गाडी आली, मग थापांच्या जागी आमची ही. खाली उतरायची, पर्स काखेत दाबायची, आणि येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे — अहो, डावं म्हणजे घड्याळाचा हात! — आणि मग, बस. अकरा वर्षांत भिंतीला गाडी घासली नाही.

झालं काय म्हणजे? काही झालेलं नाही. कान ठणठणीत आहेत. हा आरसा खाली करू? केला. दोन पिंपांच्या मध्ये घालायची, एवढंच ना? — काच लावू नका. ती तिकडे बाकावर बसलीय, हाक मारली तर ऐकू यायला हवी. हल्ली एकटी ठेवत नाही घरी. का? सहज.

कुणाला सांगणार नसाल तर — मुलीला तर मुळीच कळता कामा नये, ती आईला तिच्याकडे नेईल, मग आई तिकडे आणि मी इकडे भिंती बघत — मंगळवारी दुकानामागे गाडी लावत होतो. ही मागे. येऊ द्या. मी येतोय. येऊ द्या. येतोय. मनात आलं, आज जागा एवढी लांब कशी झाली? नुसतं मनात आलं, म्हणून ब्रेक दाबला. उतरून बघतो तर ही भिंतीला पाठ लावून उभी, बंपर गुडघ्यांना टेकलेला, आणि हात हलवतेय — येऊ द्या. म्हटलं, अगं, बस का नाही म्हणालीस? तर म्हणाली, काय म्हणायचं असतं?

ओरडलो मी. कुठल्या क्लीनरवर नसेन ओरडलो इतका. ते सोडा. — म्हणून म्हणतो, आरसा शिकवा. एकदा जमलं की तिला सांगेन, तू गाडीतच राहा, माझं मी बघतो. रुसेल. रुसू दे. पण मागे उभी नको.

हां, घेतो. क्लच हळू. डावं पिंप — आलं. उजवं — आलं. सरळ केली. अजून हातभर — बाई, बाकावर कोण आहे? नीट बघा. मला नुसती पर्स दिसतेय.

थांबा. बोलू नका. इंजिन बंद केलंय मी. ऐका —

आरशात नाही हो ती! दोन्ही आरशांत नाही. आवाज मात्र इथूनच, डिकीला लागून. येऊ द्या म्हणतेय.

उतरा. आधी तिचा हात धरा, मी ब्रेकवरचा पाय काढत नाही. ही किल्ली घ्या, तुमच्याकडेच ठेवा. शिकवणी पुरे. मुलीला — नाही, तिला मी करतो फोन. तुम्ही जा. जा म्हटलं ना.