ही ट्रॅम हेइलामला जाते

श्रीनिवास : अगं, उचल आता त्या खुर्च्या. कुणी येत नाही.

सुलक्षणा : ट्रॅम उशिरा असेल.

श्रीनिवास : सगळ्यांची? निम्मी मुलं तर पलीकडच्या गल्लीतून चालत येतात.

सुलक्षणा : थांबा हो जरा. पेपर वाचा.

श्रीनिवास : वाचला. कोडंही सोडवलं. गाडीचं पार्किंग चारपर्यंतच आहे, एवढं ध्यानात ठेव म्हणजे झालं.

सुलक्षणा : आहे ध्यानात. दर शनिवारी सांगता.

श्रीनिवास : दर शनिवारी तू विसरतेस म्हणून. बरं, लायब्ररीतल्या ट्रेसीनं काय सांगितलं? कुणाचा निरोप?

सुलक्षणा : तिला काही माहीत नाही. हेइलामच्या आईचा मला मेसेज आला सकाळी. 'थँक्यू टीचर, मुलं काही दिवस विश्रांती घेतील.' मग चुनहिनच्या वडिलांचा. तोच मजकूर. मग बाकीच्यांचे.

श्रीनिवास : आणि तरी तू आलीस? मला या गुडघ्यांनिशी गाडी काढायला लावून?

सुलक्षणा : वाटलं, एखादं तरी येईल. दार बंद दिसलं तर परत कसं जाईल बिचारं?

श्रीनिवास : मुलं विश्रांती घेतील म्हणे! सात वर्षांची पोरं. विश्रांतीची गरज आपल्याला आहे, सुलक्षणा.

सुलक्षणा : आजचा इंग्रजीचा धडा किती छान बेतला होता. 'गो'चा दुसरा भाग. मागच्या शनिवारी नुसतं जाणं झालं. ट्रॅम जाते, आई ऑफिसला जाते, काल गेली, उद्या जाईल. आज म्हटलं, कुणी जागचं हलत नाही आणि तरी 'गो' लागतं, ते घ्यावं.

श्रीनिवास : तसंही असतं?

सुलक्षणा : साठीनंतर डॉक्टरांचं इंग्रजी गंजतं वाटतं? दूध नासलं, 'गॉन ऑफ'. गजर वाजला, 'वेंट ऑफ'. चेहरा लाल झाला, 'वेंट रेड'. हेइलामनं एकदा विचारलं होतं, 'टीचर, दूध फ्रिजमध्येच आहे, मग गेलं कुठे?'

श्रीनिवास : रास्त प्रश्न आहे.

सुलक्षणा : मी म्हटलं, बाळा, आमच्या भाषेत दिवे जातात, आवाज जातो, रंगसुद्धा जातो. कुठे जातात ते आम्हीही विचारत नाही. इतकी हसली! आणि त्यांना खरी अडचण वेगळीच आहे. त्यांच्या हाँगकाँगच्या भाषेत क्रियापदाचं रूप बदलत नाही. काल असो की उद्या, 'जा' ते 'जा'च. 'काल' म्हटलं की काम झालं. मग त्यांना वाटतं, 'येस्टरडे' सांगितलं ना एकदा? वर पुन्हा 'वेंट' कशाला?

श्रीनिवास : काटकसरी भाषा आहे. मला आवडली असती.

सुलक्षणा : म्हणून तर ट्रॅमचा खेळ काढला. ही प्रत्येक खुर्ची म्हणजे एक स्टॉप. स्टॉपला एकेका मुलाचं नाव. ड्रायव्हर ओरडणार, 'ही ट्रॅम हेइलामला जाते!' सगळी रांग हेइलामच्या खुर्चीकडे. बसले की विचारायचं, 'ट्रॅम कुठे गेली?' 'हेइलामला गेली!' एकाही मुलानं 'वेंट'ला चूक केली नाही. एकानंही नाही.

श्रीनिवास : मग तुझं नाणं खणखणीत आहे. रुसलीस कशाला?

सुलक्षणा : माझे उच्चार.

श्रीनिवास : काय?

सुलक्षणा : उच्चार हो. 'वेंट' म्हणताना माझा 'व' कसा येतो, ऐकलंय का कधी? मागे एका आईनं अगदी नम्रपणे विचारलं होतं, 'कुणी ब्रिटिश टीचर पण आहे का?' तेव्हा हसून सोडून दिलं. सगळ्यांनी मिळून ठरवलेलं दिसतंय आता.

श्रीनिवास : अगं, मँचेस्टरच्या शाळेत तू उभी हयात काढलीस. इथल्या गोऱ्या पोरांना अक्षरओळख तू करून दिलीस.

सुलक्षणा : ते पगारी होतं. कुणी निवडलं नव्हतं मला, शाळेनं दिलं होतं. इथे लोक आपणहून येत होते. आपणहून गेले.

श्रीनिवास : मग सोड ना. मी मनापासून सांगतो. तुझा आवाज बसतो, रविवारभर तू पडून असतेस. मलाही आता हे झेपत नाही. या खोलीची किल्ली दे ट्रेसीला, घरी जाऊ, पिठलं टाक.

सुलक्षणा : पिठलं तुम्ही टाका.

श्रीनिवास : टाकतो. किल्ली देतेस का?

सुलक्षणा : देते. पर्समध्येच आहे. हे आवरलं की देते.

श्रीनिवास : इतक्या सहज हो म्हणशील असं वाटलं नव्हतं.

सुलक्षणा : थकले हो मी. मुलांनी नाही थकवलं. त्या पोपोंनी थकवलं.

श्रीनिवास : कोण, त्या निळ्या टोपीवाल्या? हेइलामच्या आजी?

सुलक्षणा : आईच्या आईला त्या लोकांत पोपो म्हणतात. मागच्या भिंतीला टेकून विणत बसायच्या. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. पण वर्ग सुटला की पिशवीतून संत्रं काढायच्या, सोलायच्या, अर्धं मला, अर्धं स्वतःला. मी मराठीत बोलायची, त्या त्यांच्यात बोलायच्या.

श्रीनिवास : मराठीत? कमाल आहे.

सुलक्षणा : इंग्रजी त्यांना कळत नाही, मराठीही कळत नाही. मग मला सोपी ती बरी. सुनेच्या तक्रारीसुद्धा सांगितल्यात मी त्यांना.

श्रीनिवास : आपल्याला सून नाही, सुलक्षणा.

सुलक्षणा : तुमच्या आईच्या तक्रारी हो. मी सून होते ना! तर मागच्या शनिवारी त्या उठल्या, मुलांचे कोट गोळा केले आणि निघाल्या. संत्रं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उच्चार त्यांना कसे कळणार, हे मी स्वतःला विचारलं. पण लेकीनं सांगितलं असेल.

श्रीनिवास : थांब. वरदाचा फोन. स्पीकरवर टाकतो. बोल गं.

(फोनवर त्यांची मुलगी, मागे हॉस्पिटलच्या कँटीनचा कलकलाट.)

वरदा : बाबा, आई तिथे आहे? क्लास चालू आहे?

सुलक्षणा : क्लास बंद आहे. बोल.

वरदा : ओके. आई, तू अपसेट नको होऊ. तू फॅमिली ग्रुपवर फोटो टाकली होती ना, लास्ट सॅटर्डे? खुर्च्यांवर मुलांची नेम कार्ड्स?

सुलक्षणा : तू बदाम पाठवला होतास त्याला.

वरदा : हो, बदाम पाठवला, नीट बघितली नव्हती. मघाशी बाबांनी टेक्स्ट केला की कोणीच मुलं येत नाही. तर मी लंचला कार्मेनला फोटो दाखवली. माझ्या वॉर्डवरची, हाँगकाँगची. तिने एकदम फोन उलटा ठेवला.

सुलक्षणा : का? अक्षरं चुकली? मी आठवडाभर गिरवत होते गं. हेइलामच्या नावात एका अक्षरात डावीकडे सूर्य आहे, दुसऱ्यात वर डोंगर आणि खाली वारा. इंग्रजीत सगळेच लिहितात. म्हटलं, आपण त्यांच्या चिनी लिपीत लिहावं, मुलांना घरचं वाटेल.

वरदा : अक्षर चांगली आहे. कार्मेन म्हणाली, व्हेरी नीट. पण आई, तू ते लाल पेननी लिहिलीस.

सुलक्षणा : मग? त्या लोकांत लाल शुभ ना? नवीन वर्षाला पाकिटं लाल, दिवे लाल.

वरदा : पाकीट लाल चालतो. नाव नाही. जिवंत माणसाचा नाव लाल शाईत लिहीत नाहीत. ते... म्हणजे मेलेल्या माणसाचा असतो. किंवा ज्याच्याशी सगळा संबंध तोडला त्याचा. यंग लोक एवढं मानत नाही, पण ग्रँडमदर्स खूप मानतात.

श्रीनिवास : सगळ्या मुलांची नावं लाल होती?

सुलक्षणा : सगळ्यांची. ओळीनं.

वरदा : आई? तू रडते आहे?

सुलक्षणा : नाही.

वरदा : कार्मेन म्हणाली, ती हेइलामच्या मम्मीला फोन करेल. सगळं एक्सप्लेन करेल, कँटनीजमध्ये. फाइव्ह मिनिट्सचं काम आहे.

सुलक्षणा : नको.

वरदा : का नको? सोपं होईल ना!

सुलक्षणा : पोपोंच्या लेकीला समजेल. ती आधीच समजूतदार आहे, विश्रांती म्हणाली, भांडली नाही. घाबरली आहे तिची आई. दुसऱ्याच्या तोंडून माफी कशी मागू तिची? नंतर बघू. आधी मला हे आवरू दे. जेव तू.

वरदा : बाबा, तुम्ही बघा हं तिच्याकडे. आणि आई, ती कार्ड तिथे ठेवू नको. कार्मेनची आजी असती तर स्वतः येऊन घेऊन गेली असती, म्हणाली. बाय.

सुलक्षणा : ऐकलंत? नातीचं नाव वाचलं असेल त्यांनी. इथे दुसरं काही वाचताच येत नाही त्यांना. एवढी एकच गोष्ट वाचता आली, आणि ती ही.

श्रीनिवास : तू कुंकवाचा रंग म्हणून लिहिलंस.

सुलक्षणा : हो. वहीच्या पहिल्या पानावर श्री काढतो तसं. कोण सांगणार त्यांना?

श्रीनिवास : दे ती खुर्च्यांवरची कार्डं, फाडून टाकतो.

सुलक्षणा : फाडता काय! नावं आहेत ती पोरांची. पालथी ठेवा टेबलावर. हळू.

श्रीनिवास : ठेवली. आता?

सुलक्षणा : काळं पेन आहे का तुमच्याकडे? कोडं सोडवता ते.

श्रीनिवास : किल्ली परत करणार होतीस ना?

सुलक्षणा : किल्ली कुठे पळून चाललीय? पेन द्या. आणि कोरी कार्डं त्या खणात आहेत. फोनवर हेइलामचं नाव मोठं करून धरा, हात हलवू नका.

श्रीनिवास : मोतीबिंदूचं ऑपरेशन केलेला माणूस आणि हाताला कंप असलेली बाई. वा! पण लिहून ठेवणार कुणासाठी? मुलं यायची नाहीत.

सुलक्षणा : नकोत येऊ. लाल नाव शेवटचं राहायला नको, एवढंच. हा सूर्याचा चौकोन... ही मधली रेघ... नीट बसत नाही.

श्रीनिवास : सूर्य जरा चपटा झालाय.

सुलक्षणा : तुम्ही फोन धरा फक्त.

श्रीनिवास : सुलक्षणा.

सुलक्षणा : काय?

श्रीनिवास : दाराच्या काचेतून कुणीतरी बघतंय. निळी टोपी.

सुलक्षणा : मुलं आहेत बरोबर?

श्रीनिवास : नाही. एकट्या आहेत. हातात पिशवी. दार उघडू?

सुलक्षणा : नावं न्यायला आल्या. वरदा म्हणाली तस्सं. उघडा. आणि तुम्ही बोलू नका मध्ये... या. या, पोपो. थंडी आहे ना बाहेर? ही घ्या. ही सगळी कार्डं, पालथी ठेवली होती, एकही फाडलेलं नाही. मोजून घ्या हवं तर. हेइलामचं हे. चुनहिनचं हे. ठेवा पिशवीत. मला माहीत नव्हतं हो. आमच्याकडे देवासमोर हाच रंग असतो. लग्नात हाच. मला खरंच माहीत नव्हतं.

श्रीनिवास : त्यांना एक अक्षर कळत नाहीये.

सुलक्षणा : बोलू नका म्हटलं ना. हे नवीन बघा, काळ्या शाईत. आत्ता लिहिलंय, ओलं आहे, हात लावू... अहो, पोपो, ते माझं... पेन हवंय? घ्या.

श्रीनिवास : खोडतायत की काय?

सुलक्षणा : नाही. खाली नवीन काढतायत. बघा... चौकट काढली, पण खालून उघडीच ठेवली. मधली रेघ आत घातली, आणि मग खालून बंद केलं. मी आधीच सगळीकडून बंद करून टाकत होते.

श्रीनिवास : म्हणून चपटा होत होता.

सुलक्षणा : आता माझ्या हातात पेन दिलं. अगं बाई, हात धरला माझा. असा हात मी किती पोरांचा धरला असेल. हो, हो, पोपो. आधी आतली रेघ. मग खालून. पुन्हा? बरं, पुन्हा.

श्रीनिवास : वळण कडक आहे बाईंचं. तू मुलांवर इतकी करडी नव्हतीस.

सुलक्षणा : गप्प बसा, लक्ष जातं.

श्रीनिवास : बसतो. फक्त एवढंच सांगतो, चार वाजत आले. गाडी...

सुलक्षणा : मग गाडी काढून दुसरीकडे लावा. आणि येताना कोपऱ्यावरून संत्री आणा. माझं अजून पहिलंच नाव चाललंय.