मोडलेल्या हाताचं वळणदार अक्षर

—न्हाई दादा, चांगलं अक्षर नकोच हाय आता. बिघडणारं हाय का एखादं? म्हंजे बघा, आज गुरुवार—आजच्या चिठ्ठीत जरा वाकडं, उद्याच्यात त्याहून वाकडं, शनिवारपर्यंत पार कोंबडीनं उकरल्यागत. न्हाई? एवढं मोठं छापायचं मशीन आणि त्यात एक आजारी अक्षर न्हाई? मग हातच मोडायला पाहिजे. मोडलाच हाय की, दिसत न्हाई का गळ्यात बांधलेला? दुखतोय कशाला—अफरीननं बांधलाय, माझ्या नणंदेनं, आत लाटणं घालून, ताठ दिसावा म्हणून. तर छापा—मी फहमिदा, जन्नतची आई, माझा उजवा हात मोडलाय, शनिवारी शाळेत येणं जमणार न्हाई. हा नमुना घ्या, पोरीच्या दप्तरात घडी करून होता, आपलीच कुठली तरी जुनी चिठ्ठी. असंच वळण, अशीच निळी शाई. वहीचं पान आणलंय मी.

हसताय काय, विश्रामदादा? सुरुवात तुमीच केली. मी काय मागितलं होतं—पोरीला जुलाब झालेत, सुट्टीचा अर्ज पाहिजे, इंग्रजीत. डायरीत लिहिलंय, पालकांनी अर्ज स्वतःच्या हातानं लिहावा, कर्सिव्हमध्ये. मी सातवी, तीबी मराठी शाळेतली. इंग्रजी अक्षरं येतात मला, पण सुटी सुटी, भांडण झालेल्या जावांगत, एकमेकींना शिवत न्हाईत. तुमी म्हणला, ताई, घाबरता कशाला, लग्नपत्रिकेला हेच अक्षर, कासार आंबोलीत बंगल्यांच्या पाट्यांना हेच, केकवर हेच—आणि वहीचं पान सारलं की मशीनीत! काय ते रूप, एकीची शेपटी दुसरीच्या कमरेला, वर पदर उडालाय, खाली वेल गेलीय. जुलाबाची चिठ्ठी, पण हातात धरली तर वाटावं, आता अत्तराचा वास येईल. मी ती इस्त्रीच्या रुमालात घालून पाठवली.

मेधा मॅडमनी ती अख्ख्या वर्गात फिरवली. बघा म्हणं, आईचं अक्षर! चाळीस पोरांनी माझ्या पोरीचे जुलाब वाचले, आणि टाळ्या वाजवल्या. मग ताप आला—तुमी छापलं. मामाचं लग्न—तुमी छापलं. पुढं पुढं काहीच झालं न्हाई तरी मी चिठ्ठी पाठवायची, पोरगी आज बरी हाय म्हणून. पाठवली न्हाई तर मॅडम विचारायच्या, आज काही न्हाई का आलं? जन्नतच्या वर्गातल्या अपेक्षाची आई, हिंजवडीला कंपनीत हाय, ती गेटवर मला बाजूला घेऊन विचारते, ताई, निब कुठली वापरता? मी म्हणले, घरात असंल ती. निब म्हंजे काय, मला अजून म्हाईत न्हाई.

आणि रविवारी मोबाइलवर मॅडमचा निरोप. शनिवारी हस्ताक्षर स्पर्धा, परीक्षक जन्नतची आई, आणि प्रमाणपत्रांवर पोरांची नावंबी तिनंच लिहायची—स्टेजवर, माईकसमोर. अक्षराला माईक कशाला, सांगा तुमी! तेव्हापासून मी पिठात बोटानं गिरवतीया. जन्नतचे अब्बा परवा ताट पुढं धरून म्हणाले, ह्या भाकरीवर काय लिहिलंय गं?

माझं काही न्हाई ओ. बाया हसतील, हसू द्या, मी दुसऱ्या गेटानं येईन. पण पोरीला मी सांगून बसलेय—अम्मीच लिहिते, तू झोपल्यावर. पहिल्यांदा विचारलं तिनं, आणि निघून गेलं तोंडातनं. तेव्हापासून चिठ्ठी मॅडमला देण्याआधी ती तिच्यावर पातळ कागद ठेवून गिरवते. एकदा म्हणाली, अम्मी, तुझं प्रत्येक अक्षर दर वेळी अगदी तसंच कसं गं येतं? मी म्हणले, सवय. ती नुसती बघत राहिली माझ्या हाताकडं. आता शनिवारी त्याच हाताकडं—

छापा की. थांबलाय का? …काय? मोडलेल्या हातानं एवढं देखणं कुणी लिहिलं म्हणून विचारतील? …या अल्ला. हे सुचलंच न्हाई. अफरीनलाबी सुचलं न्हाई, आणि ती बारावी हाय! मग डाव्या हातानं लिहिलं म्हणावं का? न्हाई, मग डाव्यानं लिहा म्हणतील स्टेजवर.

तो नमुना उलटा कशाला धरताय? तुमचा न्हाई? असं कसं, शेपटी बघा, वेल बघा—तुमचीच की. आणा हिकडं. मागनं हात फिरवू? …व्हय. उठाव लागतोय बोटाला. दाबून लिहिलंय कुणीतरी. मशीन दाबत न्हाई?

खाली तारीख कुठली? सोमवारची? हात तर मी आज बांधला.

वाचा. इंग्रजी नको, मराठीत सांगा.

…परत सांगा. “माझा हात दुखतोय. मला स्टेजवर बोलावू नका. नावं माझी मुलगी लिहील, तिचं अक्षर माझ्यासारखंच आहे.” आणि खाली? …खाली फहमिदा.

न्हाई, नका छापू काही. वहीचं पान द्या माघारी. आणि हे लाटणं धरा जरा, गाठ सुटत न्हाई एका हातानं. …बघताय काय असं? मागं गिऱ्हाईक उभं हाय तुमचं. त्याचं बघा.