जूनमध्ये शाळेचे बूट

(बोगोटा. जोडे बनवणाऱ्यांच्या गल्लीत उबाल्दिनाचं घर. खाली शिलाईचं मशीन, वर बिऱ्हाड. शेजारचा कातडं कापणारा एफ्राईन पाचवा गठ्ठा आत आणून ठेवतो आहे.)

उबाल्दिना : थांबा, थांबा दादा. हाही माझाच?

एफ्राईन : तुझाच. नेहमीचं काम आहे, शिवून टाक.

उबाल्दिना : नेहमीचं? नेहमी एक गठ्ठा येतो. तो शिवून रोसेन्दोकडे सोल ठोकायला गेला, की मग तुम्ही पुढचं कातडं उलगडता. वीस वर्षांत ही शिस्त मोडलेली मी पाहिली नाही. आज एकदम पाच?

एफ्राईन : कातडं चांगलं मिळालं. पडून वाळून गेलं असतं.

उबाल्दिना : आणि हे काय? काळं, मुलांच्या मापाचं. अहो, हे शाळेचे बूट आहेत!

एफ्राईन : मग? शाळा काय बंद पडल्यात?

उबाल्दिना : जून आहे, दादा. शाळा उघडणार जानेवारीच्या शेवटी. नाताळच्या तोंडावर कापायचं ते तुम्ही आत्ताच कापून बसलात. खरं सांगा, नाताळात तुम्ही कुठे असणार आहात?

एफ्राईन : तुझं डोकं म्हणजे... कॉफी टाकतेस का?

उबाल्दिना : नाही टाकत. त्या बिल्डरला घर द्यायची सही केलीत ना?

एफ्राईन : हजेरीची. त्याच्या बैठकीत सगळ्यांनीच केली. सहीशिवाय तमाल देत नव्हते.

उबाल्दिना : केळीच्या पानात उकडलेला मक्याचा तो तमाल मीही खाल्ला. पण सहीपुढे मोठ्या अक्षरांत ‘फक्त हजेरी’ लिहून. आणि हजेरीच्या सहीसाठी कोणी माळा रिकामा करत नाही. काल कपडे वाळत घालताना दिसला मला तुमचा माळा. एक कातडं शिल्लक नाही.

एफ्राईन : ...केली. झालं समाधान?

उबाल्दिना : माझ्या पोरीचे धर्मपिता तुम्ही! चर्चमध्ये तिला हातावर घेऊन उभे राहिलात. आणि मला हे तुमच्या माळ्यावरून कळावं?

एफ्राईन : ऐकून तर घे. नव्या इमारतीत खाली दुकानं, वर घरं, आणि प्रत्येक घरात कामाची खोली. राहायचं तिथेच काम करायचं.

उबाल्दिना : मग आपण इतकी वर्षं काय केलं? मशीनवरून उठते, बारा पायऱ्या चढते, की अंथरूण. हे त्यांना आता सुचलं होय! बैठकीत दाखवलेल्या त्या चित्रातली कामाची खोली नीट बघितलीत? टेबल, कुंडी, आणि लॅपटॉपपुढे बसलेली एक गोरी पोरगी. माझं मशीन कुठे बसतं त्यात?

एफ्राईन : नाही बसत. आवाजाची कामं चालणार नाहीत, असं लिहिलंय. वासाचीही नाहीत.

उबाल्दिना : आणि तुमचं?

एफ्राईन : कातडं कापायच्या रापीला कुठे आवाज असतो...

उबाल्दिना : वा! तुमची सोय झाली म्हणायची.

एफ्राईन : टोमणे मारू नकोस. माझे गुडघे बघ. तिथे लिफ्ट आहे. भिंतींना ओल नाही. अडुसष्ट वर्षांचा झालो मी. मला ते घर हवं होतं, उबाल्दिना. हवं होतं, आणि तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

उबाल्दिना : आणखी किती जणांनी केली?

एफ्राईन : सहा घरं झाली. तुझं सातवं. सातही मिळाली तरच इमारत होणार. उद्या दहा वाजता ते तुझ्याकडे येतील.

उबाल्दिना : असं आहे तर! म्हणून हे गठ्ठे. मला गोड बोलून वळवायला पाठवलंय तुम्हाला.

एफ्राईन : आईची शपथ, कुणी पाठवलं नाही. तू हो म्हण, नाही म्हण, मी अक्षर बोलणार नाही. पण समजा सही केलीस, तर पाडापाडी सुरू झाली की दोन वर्षं माझी रापी बंद. तुला कापून कोण देणार? पंधरा दिवस पहाटे उठून कापलंय हे. वर्षभर पुरेल. मशीन उचलून कुठेही गेलीस तरी रिकामी बसणार नाहीस.

उबाल्दिना : सहा घरं म्हणालात. रोसेन्दोनेही?

एफ्राईन : सगळ्यांत आधी. हातोडा चालणार नाही म्हटल्यावर त्याने घर नकोच सांगितलं, रोख घेतली. मंगळवारी हत्यारं विकून टाकली. लेकीकडे चाललाय कायमचा.

उबाल्दिना : आज सकाळी इथे दारात बसून गुळाचं पाणी प्याला तो. त्यात चीज बुडवून. एक शब्द बोलला नाही.

एफ्राईन : लाज वाटली असेल. उबाल्दिना, एवढं ठेवून घे. माझ्यासाठी.

उबाल्दिना : ठेवते. सगळे शिवतेही. मग सोल कोण ठोकणार, दादा?