धीर यावा म्हणून

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी मी आमच्या वेल्समधल्या गावच्या नगरपालिकेत गेले होते. बक्षीस आपलंच, या तोऱ्यात भाषण मनात घोळवत होते, तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या दोन बहिणींचं बोलणं कानावर आलं.

"टेगन, आत कोण बसलंय?"

"नगरसेवक. आईबाबांपासून काढून दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या मुलांचं नीट चाललंय ना, हे बघतात."

"म्हणजे आपलं?"

"मग काय शेजारच्या मांजराचं? मी सांगणार आहे, ग्लेनिस तिच्या घरी तुला बागेतल्या शेडमध्ये कोंडते म्हणून."

"नको! तिला कळलं तर परत कोंडेल."

"ती गाडी लावायला गेलीय. येईपर्यंत सांगून होईल."

"आणि त्यांनी आपल्याला वेगवेगळ्या घरी पाठवलं तर?"

"हात सोड, लोवेन. नखं लागतायत."

"टेगन, सांग ना. पाठवतील?"

"आधी नाक पूस. आत बिस्किटं देतील, दोन खिशात टाक. रात्री खायला होतील."

दार उघडून एक हसऱ्या नगरसेविका बाहेर आल्या.

"या गं पोरींनो! घाबरायचं नाही हं. ग्लेनिसबाई कुठायत? आम्ही त्यांनाही आत बसवतो नेहमी. आपलं माणूस शेजारी असलं की मुलांना धीर येतो."

"त्या नाही आल्या तरी चालेल."

"अगं, त्या बघ आल्याच! बरं टेगन, घरी कसं चाललंय?"

"सांग की राणी, लाजतेस काय अशी?" ग्लेनिस म्हणाली.

"छान चाललंय, ग्लेनिस."